डॉक्टरांचं नाव पक्कं

"डॉक्टरांचं नाव पक्कं करून टाका," एवढं बोलून क्लबच्या सेक्रेटरींनी शुक्रवारी सकाळी फोन ठेवून दिला. त्यांना फोन ठेवायची कायमच घाई. आणखी चार शब्द बोलले असते तर पुढचा सगळा घोटाळा टळला असता. पण माणूस नेमके तेच चार शब्द वाचवतो.

हा फोन दुसऱ्या कोणाला आला असता तरी निभावलं असतं. तो आला पेंटरला. पेंटरच्या धंद्यात अक्षराच्या दोनच अवस्था असतात, कच्चं आणि पक्कं. खडूनं आखलेलं ते कच्चं. ओल्या फडक्याच्या एका हातात जातं. सोनेरी वर्ख लावलेलं ते पक्कं. ते जात नाही. सेक्रेटरींना म्हणायचं होतं की शनिवारच्या फायनलमध्ये डॉक्टर खेळणार हे नक्की झालंय, त्यांचं नाव फाटकाजवळच्या काळ्या पाटीवर लिहा. पेंटरनं ऐकलं ते असं की डॉक्टर जिंकले, त्यांचं नाव हॉलमधल्या फळीवर चढवा.

यात त्याला दोष द्यावा तर मागची आठ वर्षं तो डॉक्टरांचंच नाव चढवत आला होता. नवव्या वर्षी शंका यावी असं काही घडलेलं नव्हतं.

पेंटरचा आणि क्लबचा संबंध एकतीस वर्षांचा. तळ्याकाठचं ते गोल्फचं मैदान दीडशे वर्षांपूर्वीचं, आणि तिथल्या प्रत्येक जुन्या गोष्टीला एक पाटी होती. कोणतं झाड कोणी लावलं याची पाटी. संस्थापक कोणत्या बाकावर बसून विचार करत याची पाटी. कोणत्या बाकावर ते नुसतेच बसत, याचीही पाटी. सगळ्या पाट्या पेंटरच्या हातच्या. पण त्याचा जीव होता हॉलमधल्या फळीवर. काळपट जुनं लाकूड, त्यावर ओळीनं दरवर्षीच्या विजेत्यांची नावं, वर्खात. स्पर्धा जोडीची असली तरी नाव जोडीच्या प्रमुखाचंच लिहायचं. दोघांची लिहिली तर फळी लवकर भरेल, असा अंदाज संस्थापकांनी बांधून ठेवला होता. ते लांबचं बघणारे गृहस्थ होते.

एकतीस वर्षांत पेंटरनं त्या फळीवरची एक वेलांटीही कधी खरवडली नव्हती. हे तो न्हाव्याला सांगे, दूधवाल्याला सांगे. एकदा डॉक्टरांच्या खुर्चीत आ वासून बसलेला असतानाही त्यानं हे सांगायचा प्रयत्न केला होता. डॉक्टर दातांचे होते.

तेव्हा शुक्रवारी दिवसभर खपून त्यानं फळीवर यंदाचं साल आणि डॉक्टरांचं नाव लिहिलं. नावाच्या पहिल्या अक्षराला, त्याच्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे, वर्खाचे दोन थर दिले. मागे सरकून बघितलं, आणि स्वतःच्याच कामाला मान डोलावून तो घरी गेला.

शनिवारी सकाळी तो अक्षरांवरून कापूस फिरवायला क्लबात आला, तर सेक्रेटरी शिट्टी गळ्यात अडकवून लगबगीनं फिरत होते.

"वा, पेंटर! सामना बघायला?"

"कसला सामना?"

"अहो, फायनल! डॉक्टरांची जोडी आणि जज्जसाहेबांची. नऊला सुरू."

पेंटरनं हातातला कापूस सावकाश खिशात ठेवला. "म्हणजे अजून कोणी जिंकलेलं नाही?"

"खेळायच्या आधी कसं जिंकेल कोणी? आणि फाटकावरची पाटी कोरी कशी? पक्कं करा म्हणालो होतो ना मी?"

"करतो," पेंटर म्हणाला. तो आधी हॉलमध्ये गेला. फळीवर एक हिरवा पडदा असे, तो दरवर्षी बक्षीस समारंभाला चार वाजता बाजूला होई. पेंटरनं पडदा दोन्ही टोकांना ओढून बघितला, नीट झाकलंय ना, आणि घरी फोन लावला.

"अगं, डॉक्टर जिंकलेलेच नाहीत."

"मग काल रात्री जेवताना तुम्ही काय सांगत होतात?" बायको म्हणाली.

"लिहून बसलोय मी. वर्खात."

"मग पुसून टाका."

फोनवर अशी शांतता पसरली की बायकोला आपण काय बोललो ते कळलं. एकतीस वर्षं तिनं संसार केला होता तो या माणसाशी आणि त्या फळीशी.

"बरं, नका पुसू," ती घाईनं म्हणाली. "जिंकतील की डॉक्टर. दरवर्षी जिंकतात. तुम्ही कशाला घाम गाळताय? तुम्हाला थोडंच खेळायचंय?"

हे ऐकून पेंटरला खरंच बरं वाटलं. तो खडू घेऊन फाटकाच्या पाटीवर आला. 'फायनल' लिहून झालं आणि डॉक्टरांची गाडी आत आली. गाडीतून आधी डॉक्टर उतरले, मग त्यांचा साडू. डॉक्टर सरळ उतरले. साडू स्वल्पविरामासारखा उतरला.

"काय झालं हो?" सेक्रेटरी धावले.

"बुटाची नाडी बांधायला वाकलो," साडू जमिनीकडे बघत म्हणाला. "अजून वाकलेलाच आहे."

हा साडू म्हणजे डॉक्टरांचा आठ वर्षांचा जोडीदार. त्याला सरळ करायचा एक प्रयत्न झाला, तेव्हा तो असा ओरडला की तळ्यातली बदकं उडाली.

तेवढ्यात समोरची जोडी आली. जज्जसाहेब आणि त्यांचे मेहुणे. जज्जसाहेबांनी आयुष्यात सहा फायनली खेळल्या होत्या आणि सहाही हरले होते. मेहुणे फक्त 'छान' म्हणत. जज्जसाहेबांनी साडूला सगळ्या बाजूंनी न्याहाळलं.

"वाईट झालं," ते अतिशय प्रसन्न आवाजात म्हणाले. "जोडीदार नसेल तर सामना आमचा. नियम सोळा."

"छान," मेहुणे म्हणाले.

पेंटरच्या डोळ्यांपुढे हिरवा पडदा बाजूला झाला. त्याला पातं दिसलं, टर्पेंटाइन दिसलं, सोन्याचा भुगा दिसला. आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत तो पाटीमागून बोलला, "आणि नियम सतरा?"

सगळे वळले.

"'ऐनवेळी जोडीदार आजारी पडल्यास,'" पेंटर डोळे मिटून म्हणू लागला, "'क्लबच्या पटावर नाव असलेला व त्या क्षणी आवारात हजर असलेला कोणीही इसम त्याच्या जागी खेळू शकेल.' 'शकेल'च्या खाली एक खिळा आहे, म्हणून 'श' जरा वर घेतलाय."

संस्थापकांचे एक्केचाळीस नियम व्हरांड्यात एका भल्यामोठ्या तक्त्यावर लिहिलेले होते. पाच वर्षांनी रंग उडे, आणि पाच वर्षांनी पेंटर ते पुन्हा लिही. क्लबातल्या लोकांनी ते एकदा वाचले असतील. पेंटरनं सहादा लिहिले होते.

"बरोबर आहे," जज्जसाहेब नाइलाजानं म्हणाले. लेखी मजकुरापुढे त्यांचं काही चालत नसे. "पण हजर आहे कोण? सेक्रेटरी पंच आहेत. पहारेकऱ्याला फाटक सोडता येत नाही."

"मी आहे," पेंटर म्हणाला. "पटावर दोनशे बारावा. 'रंग व अक्षरं.'"

डॉक्टरांनी त्याच्या रंगानं बरबटलेल्या पँटकडे बघितलं. "पेंटर, तुम्ही गोल्फ खेळलायत कधी?"

"खेळलो नाही. लिहिलाय."

एखाद्या दाढेकडे बघावं, काढावी की ठेवावी, तसं डॉक्टर त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चला. ठेवू."

खेळ समजायला सोपा होता. एका जोडीला एकच चेंडू. एक फटका डॉक्टरांचा, पुढचा पेंटरचा, मग पुन्हा डॉक्टरांचा, असं चेंडू भोकात जाईपर्यंत आलटून पालटून. जी जोडी कमी फटक्यांत घालेल, ते होल तिचं. अशी अठरा होल. जिची जास्त, ती जिंकली.

पहिल्या होलला डॉक्टरांनी असा टोला हाणला की चेंडू जुन्या झाडांच्या रांगेवरून जाऊन थेट हिरवळीच्या मध्यावर पडला. आता पेंटरची पाळी. त्यानं काठी उचलली, डोक्यावरून फिरवली आणि सगळा जीव एकवटून मारली. काठीनं बराच वारा घातला. चेंडू होता तिथंच राहिला.

"एक धरला," जज्जसाहेब म्हणाले.

"लागलाच नाही की!" डॉक्टर म्हणाले.

"नियम पाच," पेंटर स्वतःच खालच्या आवाजात म्हणाला. "'मारण्याचा हेतू तोच फटका.'"

"छान," मेहुणे म्हणाले.

पहिली तीन होल अशीच गेली. डॉक्टर मारत, पेंटर वारा घाली. तिसऱ्या होलनंतर डॉक्टरांनी त्याला एका पाटीवाल्या झाडाखाली बाजूला घेतलं.

"हे बघा, तुम्ही असंच करत चला. तुमचा फटका वाया जातो, पण चेंडू बिघडत तरी नाही. बाकी माझ्यावर सोडा."

काठी चेंडूला न लागणं हेच आपलं कसब, असं कोणी तोंडावर सांगितलं तर स्वाभिमानी माणसाला लागतं. पेंटर मुकाट्यानं चौथ्या होलला गेला. तिथं त्यानं काठी डोक्यावरून फिरवलीच नाही. ब्रश धरतात तशी धरली आणि छोटासा, सरळ फटका दिला. चेंडू वीस पावलं गेला. पण अगदी नाकासमोर गेला.

मग कापलेल्या गवताच्या त्या शेवटच्या तुकड्यावर, जिथं भोक आणि झेंडा असतो, खरी गोष्ट उघडकीला आली. डॉक्टरांचा हात दाढा उपटून तयार झालेला. लांब टोल्याला तो उत्तम, पण हळूच ढकलायच्या वेळी हाच हात चेंडूला भोकाच्या पार पलीकडे घालवी. आठ वर्षं हे शेवटचं काम साडूनं केलं होतं. आताही डॉक्टरांनी ढकललं आणि चेंडू भोक ओलांडून वीस फूट पुढे गेला.

पेंटर पोटावर आडवा झाला. एक डोळा मिटून त्यानं गाल गवताला टेकवला.

"यांना बरं वाटत नाहीये का?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"डावीकडे दीड बोट उतार आहे," पेंटर गवतातून म्हणाला. उभा राहिला. आणि शिरोरेघ ओढली.

दुसरा काही शब्दच नाही त्याला. सोळा अक्षरांच्या डोक्यावरून, एका दमात, हात न थांबवता, कुठं जाड नाही कुठं बारीक नाही, अशी रेघ ओढायची तर मनगट मरू द्यायचं आणि खांद्यानं चालायचं. नवशिके श्वास धरतात. पेंटर सावकाश श्वास सोडी. काठी मागे गेली, पुढे आली. चेंडू वीस फूट चालत गेला, दीड बोट वळला आणि आत पडला.

जज्जसाहेब भोकात वाकून बघून आले. मेहुण्यांनाही उशीर झाला. "छान," ते शेवटी म्हणाले. या खेपेस त्यांना तसं वाटत होतं.

त्यानंतर खेळाची तऱ्हाच बदलली. डॉक्टर टोले हाणत, पेंटर अक्षरं जुळवत. दहाव्या होलला पेंटरच्या चेंडूनं उंचवट्याला अर्धचंद्र घातला. अकराव्याला उकार काढला. बाराव्यानंतर दोन्ही जोड्या बरोबरीत होत्या, आणि जज्जसाहेबांनी टोपी काढून दोनदा घाम पुसला.

तेरावं होल तळ्याच्या एका फाट्यावरून होतं. चेंडू पाण्याच्या या काठावरून त्या काठाला पोचवायचा. मागच्या होलचा शेवटचा फटका डॉक्टरांचा, म्हणून इथं सुरुवात पेंटरची होती.

"इथं वीस पावलांचा उपयोग नाही," डॉक्टर कुजबुजले. "वीस पावलांवर मासे आहेत. हाणा जोरात."

पेंटरनं हाणला. आणि आयुष्यात पहिल्यांदा काठी चेंडूला मनापासून लागली. चेंडू उंच गेला, झाडांच्या शेंड्यांना गेला, उन्हात चमकला. पेंटरचा ऊर भरून आला. मग चेंडूनं खाली यायला सुरुवात केली आणि तो तळ्यातून चाललेल्या एका हंसाच्या आकाराच्या पायडलबोटीत जाऊन पडला. बोटीत एक वयस्कर नवरा-बायको होते. दोघं भांडत होते.

"कोणी टाकला हो हा?" बाई ओरडल्या.

"काकू, हात लावू नका!" पेंटर काठावरून ओरडला. "हात लावला तर आमचं होल जाईल!"

"बघा!" बाई नवऱ्याला म्हणाल्या. "परक्या माणसालाही कळतं, कुठं हात लावायचा नाही ते. आणि तुम्ही सकाळपासून माझं सुकाणू सोडत नाही."

"चेंडू बुडालाच म्हणायचा," जज्जसाहेब हात चोळत म्हणाले.

"नियम तेवीस," पेंटर म्हणाला. "'बोटीत पडलेला चेंडू बोटीतूनच खेळावा.'"

पुढचा फटका डॉक्टरांचा होता. बोट काठाला बोलावण्यात आली. डॉक्टर पांढऱ्याशुभ्र पँटसकट हंसाच्या पाठीवर चढले.

"काका, जरा तिकडे घेता का? झेंड्याकडे?"

"तिकडेच म्हणत होतो मी मघापासून!" काका म्हणाले, आणि सकाळपासून पहिल्यांदाच दोघांचे पाय एका तालात पडले. हंस पाणी कापत निघाला. पलीकडचा काठ दहा पावलांवर आला तसे डॉक्टर उभे राहिले. बोट डावीकडे कलली, काकू उजवीकडे सरकल्या, डॉक्टरांनी मारला. चेंडू झेंड्याशेजारी जाऊन बसला. डॉक्टर काकांच्या मांडीत बसले.

"हरकत आहे!" जज्जसाहेब गरजले. "बोट चालू होती! चेंडू पार दुसऱ्या काठाला आणलात तुम्ही!"

"नियम तेवीस, पुढची ओळ," पेंटर म्हणाला. "'बोट चालू असल्यास तो बोटीचा प्रश्न राहील.'"

 जज्जसाहेबांनी पेंटरकडे निराळ्याच नजरेनं बघितलं. "तुम्ही वकिली का नाही केलीत?" त्यांनी मनापासून विचारलं.

"अक्षर चांगलं होतं माझं," पेंटर म्हणाला.

ते होल डॉक्टरांच्या जोडीला मिळालं, पुढचं गेलं, मग तीन सारखी सुटली. आणि अठराव्या होलला सामना पुन्हा बरोबरीत आला. एव्हाना बातमी पसरली होती. चहाला आलेली मंडळी कप हातात घेऊन शेवटच्या हिरवळीभोवती उभी होती. साडूला एका खुर्चीत ठेवलं होतं, तो सगळ्यांच्या बुटांवरून अंदाज बांधत होता. पेंटरची बायकोही आली होती. ती घरून निघाली होती नवऱ्याचं सांत्वन करायला. इथं येऊन बघते तर नवरा पोटावर पडून गवताशी बोलतोय आणि शे-दीडशे माणसं श्वास रोखून ऐकतायत.

जज्जसाहेबांच्या जोडीला पाच फटके लागले होते. डॉक्टरांच्या जोडीचे तीन झाले होते आणि चेंडू भोकापासून सहा फुटांवर होता. पेंटरची पाळी. आत गेला तर चौथा. होल त्यांचं, सामना त्यांचा, आणि हिरव्या पडद्यामागचं नाव जिथल्या तिथं.

पेंटर उठला. शर्टाला चिकटलेलं गवत झटकलं. काठी चेंडूमागे टेकवली. शिरोरेघ ओढली.

चेंडू आत गेला.

जो गलका झाला तो तळ्याच्या पलीकडे ऐकू गेला असेल. डॉक्टरांनी काठी हवेत फेकली. खुर्चीतून साडू ओरडला, "गेला का? कोणीतरी सांगा!" जज्जसाहेबांनी टोपी काढून छातीशी धरली. सातव्यांदा. त्यांना सवय होती.

"थांबा," पेंटर म्हणाला.

त्याला कोणी थांबू देईना. डॉक्टर त्याची पाठ थोपटत होते, आणि डॉक्टरांनी थोपटलेली पाठ दोन दिवस दुखते.

"थांबा हो. हलला होता."

"काय हलला होता?"

"चेंडू. मी काठी टेकवली तेव्हा. मारायच्या आधी."

गलका ओसरला. सेक्रेटरी शिट्टी हातात धरून पुढे आले. "किती हलला?"

"केसभर."

केसभर म्हणजे दुसऱ्या कोणालाही काहीच नव्हे. पण ज्याचा सगळा संसार सर्वांत बारीक ब्रशच्या टोकावर चाललाय, त्याच्या लेखी केस ही मोठी वस्तू असते. पेंटरला तो केस दिसला होता. आता तो दिसला नाही असं करता येईना. एकदा वाटलं, गप्प बसावं. गप्प बसलं की फळी वाचते. पण नियम अडतिसावाही त्याच्याच हातचा होता, तोही लाल रंगात. 'काठीच्या स्पर्शाने चेंडू केसभर जरी हलला, तरी ते होल प्रतिपक्षाचे.' खोटं पडायचंच तर त्याची कोणती अक्षरं खोटी पडणार, एवढाच प्रश्न होता.

"साक्षीदार कोण?" जज्जसाहेबांनी विचारलं. 

"मी."

"आणि आरोपी?"

"मीच."

"फिर्यादी?"

"साहेब, दुसरं कोणी बघतच नव्हतं."

जज्जसाहेबांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. "तीस वर्षं न्यायासनावर बसलो," ते म्हणाले, "पण असा खटला माझ्यासमोर आला नाही." सेक्रेटरींनी शिट्टी वाजवली. सामना जज्जसाहेबांचा.

"पेंटर," डॉक्टर खोल आवाजात म्हणाले, "भूल न देता काढलीत हो." मग त्यांनी काठी उचलली आणि पेंटरच्या हातात दिली. "ही तुम्हीच ठेवा. माझ्या हातात ही शोभत नाही."

गर्दीत कोणीतरी विचारलं, "कोण आहे हा माणूस?"

"आमचे हे," पेंटरची बायको म्हणाली. तिनं पदर सावरला, मान ताठ केली, आणि ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा एकदा म्हणाली, "आमचे हे."

चार वाजता हॉल भरला. पेंटर सेक्रेटरींना गाठायला धावला, पण सेक्रेटरींना पडदा उघडायचीही घाईच असे. दोरी ओढली गेली. हिरवा पडदा सरकला आणि यंदाच्या सालापुढे, झगझगीत वर्खात, हरलेल्या डॉक्टरांचं नाव सगळ्यांनी वाचलं.

"अरे वा," डॉक्टर म्हणाले. "मी जिंकलो की!"

"हे काय आहे?" सेक्रेटरी किंचाळले. "पक्कं करा म्हणालो होतो मी!"

"केलं की."

"अहो, पाटीवर!"

"पाटीवर कच्चं असतं, साहेब," पेंटर शांतपणे म्हणाला. "खडूचं पक्कं कसं करणार?"

सेक्रेटरींनी मदतीसाठी जज्जसाहेबांकडे बघितलं.

"मुद्दा बिनतोड आहे," जज्जसाहेब म्हणाले. मग फळीकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. "पण माझ्या नावाचं काय?"

पेंटरनं पिशवी उघडली. पातं काढलं, टर्पेंटाइनची बाटली काढली, शिडी लावली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तो त्या फळीवर उलट्या दिशेनं काम करणार होता. बायकोनं शिडी धरली.

अर्ध्या तासात संपेल अशी सगळ्यांची समजूत होती. पण लिहिणारा पेंटर होता. आडनावाचं शेवटचं अक्षर निघायलाच वीस मिनिटं लागली. लोक आधी चुळबुळले, मग खुर्च्या पुढे ओढून बसले. एक काना असा चिवट निघाला की मागच्या रांगेतून कोणीतरी "बक अप!" म्हणालं. ते कान्याला होतं की पेंटरला, कळायला मार्ग नव्हता. चौथं अक्षर सुटलं तेव्हा टाळ्या पडल्या. पाचवं अक्षर सुटेना तेव्हा जास्त पडल्या. घाम पुसायला पेंटर वळला तर त्याला दिसलं की लोक खरवडणाऱ्याकडे बघतच नाहीयेत. ते अक्षरांकडे बघतायत. एकतीस वर्षं ती डोक्यावर होती आणि आज पहिल्यांदा कोणी एकेक करून वाचत होतं.

"इतकं मजबूत काम," जज्जसाहेब म्हणाले, "मी माझ्या निकालपत्रांतही पाहिलं नाही. वरच्या कोर्टात दोन मिनिटांत निघायची ती."

सहा वाजता डॉक्टरांचं नाव गेलं, आडनाव गेलं. लाकडावर ओरखडाही नव्हता. राहिलं फक्त नावाच्या सुरुवातीचं 'डॉ' आणि त्यापुढचं टिंब. त्या दुहेरी थराला पातं लागेना, टर्पेंटाइन चढेना. पेंटरनं तीन वेळा हात चालवला. मग पातं मिटलं आणि तो शिडीवरून खाली उतरला.

"हे निघायचं नाही. आणखी जोर लावला तर लाकूड जाईल."

"मग?" सेक्रेटरी म्हणाले.

"मग काय. पक्कं आहे," पेंटर म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदा तो हसला.

जज्जसाहेब फळीजवळ गेले. चष्मा लावला. ते दीड अक्षर त्यांनी बराच वेळ वाचलं.

"म्हणजे माझं नाव याच्यापुढे येणार?"

"दुसरीकडे जागा नाही, साहेब."

"म्हणजे वाचणारा मला डॉक्टर समजणार."

"फळीपुरतं."

जज्जसाहेबांनी मागे हात बांधले आणि हॉलमध्ये दोन फेऱ्या मारल्या. "फळी हा दस्तऐवज नव्हे," ते स्वतःशी पुटपुटले. तिसऱ्या फेरीला म्हणाले, "कोणाची फसवणूक होतेय का? नाही होत." चौथ्या फेरीला ते थांबले. "राहू द्या. लिहा पुढे. पक्कं लिहा."

पेंटर पुन्हा शिडीवर चढला आणि खडूनं जज्जसाहेबांचं नाव आखू लागला. खाली खिडकीपाशी जज्जसाहेबांनी खिशातून फोन काढला होता. ते पाठमोरे उभे होते, पण आवाज मोठा लावावा लागत होता, कारण पलीकडे ऐकणारीचं वय ब्याण्णव होतं.

"आई? हो, मीच. जेवलीस का?... हो, जिंकलो. ते जाऊ दे गं. ऐक. तुला मी कोण व्हायला हवा होतो?... बरोबर. झालो... अगं, झालो म्हणतोय! सोन्याच्या अक्षरांत लिहिलंय, तुला दाखवायला घेऊन येतो."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.  जज्जसाहेबांनी वळून एकवार डॉक्टरांकडे बघितलं आणि फोनवर हाताचा आडोसा केला.

"दातांचा," ते म्हणाले.